मधली खाच

साठच्या वर गेलं की हँडल कुरकुरायचं.
मोठ्यानं नव्हे. दोन्ही पंजांत,
झोपेत बडबडणाऱ्या माणसाइतकं.

खानापूर ते बेळगाव, मग परत.
डिकीच्या डब्यात प्लास्टरचे जबडे,
कुणाकुणाच्या कवळ्यांचे साचे, लॅबला द्यायचे.
देसूरच्या उतारावर ते वाजायला लागले,
कडाक्याच्या थंडीत उभे असल्यासारखे.

पंपावरचा पोरगा म्हणाला, हवा.
मेहुणा म्हणाला, अलाइनमेंट
(त्याच्याकडं कार आहे).
लॅबमधल्या शेवंताबाई म्हणाल्या, तुमचे हातच कापतात हल्ली.
त्या रात्री मी छिन्नी-हातोडी घेऊन
हँडलखालचा मोठा नट आवळला. चांगला. अजून थोडा.
सकाळी गाडी दारूड्यासारखी.

उद्यमबाग, फाउंड्रीच्या मागची गल्ली.
दस्तगीर नदाफ गाडीकडं बघतच नाही आधी, माणसाला विचारतो.
सावकाश जाताना का जोरात?
ब्रेक मारला की टक् होतंय?
वळणात बरी, सरळला वाईट, असं हाय काय?
हो म्हणालो. तेच तर कळत नव्हतं मला,
वळणात बरी.

इंजिनाखाली लाकडी ठोकळा. पुढचं चाक अधांतरी.
दोन्ही शॉकप धरून मागंपुढं ओढले: लूज नाही.
रिमजवळ खिळा धरून चाक फिरवलं: डोलत नाही.
मग एका बोटानं, नुसत्या करंगळीनं,
हँडल हळूच ढकललं.
ते अडखळत आलं आणि मधोमध बसलं.
शहाण्या पोरासारखं.
"बघितलासा? हेच वाईट."

डिझेलच्या ताटलीत छर्रे.
कपाच्या वाटेवर बारीक खड्डे, रांगेत,
ओल्या मातीत जोंधळे दाबून उचलावेत तसे.
"गाडी सरळ जात नसती, मास्तर
(मी मास्तर नाही),
केसभर डावीकडं, केसभर उजवीकडं,
सारखं चालूच असतंय, त्याला आपण सरळ म्हणतोय.
वीस वर्षं एकच रस्ता मारलासा,
खड्डे बरोब्बर मधे पडले.
आता केसभर हलायचं तर चढ चढाय लागतोय तिला."
मग मान न वळवता पोराला, "बसू, ग्रीस तगोंड बा,"
आणि मला, त्याच श्वासात,
"ह्यो नट कुणी आवळला?"

पंक्चरवाल्यानं, मी म्हणालो.
नटावरच्या छिन्नीच्या खुणांवरून त्यानं अंगठा फिरवला.
काही बोलला नाही.

नवे कप जुन्या कपावर ठोकून बसवले,
आवाज बदलला तसा हातोडा थांबला.
नट आवळला, मग सोडला, थोडासा.
"आवळाय कुणालाबी येतंय. किती सोडायचं, त्याचे पैसे."
एक्सल ढिला ठेवून मला बसवलं, दाबा म्हणाला,
पाच-सहा वेळा, पुढचा ब्रेक धरून.
शॉकपना आपली जागा आपण शोधू दिली
आणि मग खालून वर एकेक बोल्ट.

पिरनवाडीपर्यंत मी गाडी नागमोडी चालवली.
ती बरी झाली होती. हात नव्हते झाले.
जी खोड उरली नव्हती तिला आवर घालत होते,
इकडं नाही तिकडं,
मागचा टेम्पोवाला कन्नडमध्ये काहीतरी म्हणाला,
रास्तच असणार.
मच्छेच्या पुढं कुठंतरी पकड सैल झाली.
साठ. पासष्ट.
डब्यातले दात गप्प.

जुना कप त्यानं पेपरात गुंडाळून दिला होता.
तो आता पावत्यांवर ठेवतो.
वाट बघताना, फोन लागत नसताना,
आतून नख फिरवतो त्याच्या कडेनं.
गुळगुळीत, गुळगुळीत,
मग टक्.