त्रेचाळिसास एक

मी दात बनवतो.
ठाकूरद्वारला, औषधांच्या दुकानावरच्या पोटमाळ्यावर,
जिथं ताठ उभं राहिलं की पंख्याशी भांडण होतं.
दिवसभर मेण, प्लास्टर, गुलाबी अ‍ॅक्रिलिक,
अनोळखी तोंडांचे साचे, प्रत्येकावर पेन्सिलीनं नंबर.
आठनंतर डुक्कर फियाट.

सात आहेत. त्रेचाळिसास एक या मापाच्या,
जस्ताच्या ओतीव, लांबीला नऊ सेंटीमीटरहून जराशा कमी.
मला गाडी चालवता येत नाही.
लायसन्स काढायचं राहिलं ते राहिलंच.

शुक्रवारी पहाटे चोरबाजारात मुफद्दलभाई
मोज्यातून एकेक काढून दाखवतो.
काच गेलेली, चाकं तीनच,
वर म्हणतो, ‘इंजन एकदम ओरिजिनल है.’
आत इंजिन नसतंच.
मी पैसे देतो.

जाळी बहुतेकींची पडलेली असते.
समोरचे दात आधी जातात,
गाडीचं काय, माणसाचं काय.
ती मी मेणात कोरतो, ओततो, घासतो,
दातांच्याच पॉलिशनं चमकवतो.
पण खरं काम पुढं आहे:
ह्या सगळ्या परदेशात ओतलेल्या,
सगळ्यांचं स्टिअरिंग डावीकडं.
अशी गाडी ऑपेरा हाऊसच्या सिग्नलला
कधी उभी राहिली असेल का?
म्हणून दात सरळ करायच्या तारेतून
नऊ मिलिमीटरचं चाक वळवायचं,
आणि श्वास रोखून
ते उजवीकडं बसवायचं.
एकेकीला महिना जातो.
बायको विचारते, आता चालेल का?
मी म्हणतो, आता निदान आपल्याकडची झाली.

परवा प्रमोदिनी त्रिलोकेकर आल्या,
रुमालात वरची कवळी, मधोमध दोन तुकडे.
वय ऐंशीच्या पुढं, जिना एकट्या चढलेल्या.
बसल्या, आणि दिव्याखालची ती आकाशी गाडी बघून
मोकळ्या हिरड्यांनी म्हणाल्या,
‘अगंबाई, ही तर आमची पियाट!’

चिकटवायला, सुकायला चाळीस मिनिटं.
तेवढा वेळ त्यांनी ती तळहातावर धरली,
पिल्लू धरावं तशी, पोटाखाली बोटं देऊन.
नखानं दार उघडून पाहिलं.
‘उघडत नाही?’
नाही, म्हटलं. छोट्या मापात नाही उघडत.
(खोटं. त्याच दारासाठी
आदल्या रात्री मी सोनाराचं पातं आणून ठेवलं होतं.)
‘आमचंही डावं उघडायचं नाही.
सतरा वर्षं मी ह्यांच्या बाजूनं चढले,
गिअरचा दांडा चुकवत, साडी सावरत.
बाबुलनाथला उतरायचं तर आधी हे उतरणार, मग मी.
लोकांना वाटायचं, काय पण माणूस, बायकोसाठी दार धरतो!’
हसल्या. बिनदातांचं हसू
आधी डोळ्यांत जातं.
‘आणि समोरचा तो कप्पा.
मिटायचाच नाही मेला.
पेपराची घडी खोचून ठेवायचे.’

मी काही बोललो नाही.
चिमट्यानं कालच्या पेपराचा कोपरा फाडला,
तांदळाच्या दाण्याएवढा,
दुमडला, आणि त्यांच्या हातातल्या गाडीच्या
खिडकीतून आत सोडला.
कप्पा नव्हताच, नुसती रंगवलेली रेघ होती.
तिच्याशी तो टेकून राहिला.

कवळी तयार झाली. बसवून पाहिली.
शेवटी मी सगळ्यांना ‘फ’ म्हणायला लावतो.
वरचे दात खालच्या ओठाला नेमके टेकले
तरच तो सुटतो, नाहीतर नुसती हवा.
म्हटलं, बाई, गाडीचं नाव घ्या बघू.

त्यांनी आरशात पाहिलं. जबडा मिटला, उघडला.
मग गाडी माझ्या टेबलावर ठेवत,
माझ्याकडं न बघता, तिच्याकडंच बघत म्हणाल्या,
‘फियाट नको, फ्रिज घ्या,
असं मी म्हटलं होतं ह्यांना.’

फ स्वच्छ आला. दोन्ही वेळा.

पातं मी परत कागदात गुंडाळलं.