मुका माज

खांद्यापर्यंत प्लास्टिकचा हातमोजा,
आत, म्हशीच्या उबेत, माझी बोटं
बोराएवढं काहीतरी चाचपताहेत.
बाहेर बेचाळीस. टिनाचा गोठा.
पर्बताबाई शेपूट धरून उभी.
"माज येतच नाई मॅडम, का येते न् सांगत नाई?"

सांगत नाही.
मुका माज म्हणतो आम्ही,
रजिस्टरातही तसंच लिहितो.

डाव्या अंडाशयावर एक फुगवटा, पाणीभरला, लहान.
त्याच्या बाहेरच्या पेशी
आधी नराचंच संप्रेरक रांधतात,
हो, मादीच्या पोटातही.
मग मेंदूखालच्या इवल्या ग्रंथीकडून
रक्तातून सांगावा येतो
आणि आतल्या थरात एक विकर जागं होतं,
अरोमाटेज,
सोनाराच्या चिमट्यासारखं नेमकं.
एक कार्बन छाटायचा, एक कडं वळवायचं,
नराचं झालं मादीचं.
ते पुरेसं साठलं की म्हैस रेकते,
दाव्याला हिसके देते, चारा सोडते.
सांगावा क्षीण, ऊन असं, पुढ्यात नुसता कडबा,
तर विकराचा हात अर्ध्यावर थांबतो.

हे सगळं मी बोलले, मोठ्यानं.
पर्बताबाई म्हणाली, "मंग औषध द्या न."

हात धुताना भिंत दिसली.
कोळशाच्या रेघा, एकवीस-एकवीस दिवसांच्या.
गव्हाणीमागं, खाली, आणखी काही, कुंकवाच्या.
चाळीस दिवस. पासष्ट.
मग नुसतीच भिंत.
"ह्या कोणत्या म्हशीच्या?"

पाणी ओतणारी सून थबकली, मोनाली,
हनुवटीवर पदर,
दोरा फिरवलेल्या जागी लाल पुरळ.
"ते छाटनारं, मॅडम... बाईतबी असते?"
"असतं."
"तेच?"
"तेच. नावही तेच."
"मंग त्याले जागं कराले..."
उरलेलं तिनं माझ्या हातावर ओतलं.

मी ढोरांची डॉक्टर.
म्हशीच्या कार्डावर लिहिलं:
जात नागपुरी, वेत तिसरं, मिनरल मिक्श्चर,
दुपारी दोनदा अंगावर पाणी.
मागच्या कोऱ्या बाजूला
वर्ध्याच्या एका बाईडॉक्टरचा नंबर.

पर्बताबाईनं कार्ड उलटवलं. वाचता येत नाही तिला.
बोट मात्र नेमकं त्या आकड्यांवर.
"त्या रेघा मीच मारतो," ती हळू म्हणाली,
"ते तं मोजतच नाई."

म्हशीनं लांब शिंगं मागं टाकली,
माशी हाकलली
आणि पुन्हा काहीच सांगितलं नाही.