पुरून उरेल असं

कूबर पीडीत घर बांधत नाहीत, खोदतात.
आमचंही तसंच. टेकडीच्या पोटात पाच खोल्या,
खिडकी एक, तीही दारातच.
छताला मिलोयेनं डिंकपाण्याचे दोन हात दिलेत,
तरी वरून कुणाचा ट्रक गेला
की चहावर गुलाबी साय धरते.

त्या धुळीत कुत्री लोळते. कोशावा.
मिलोयेच्या गावाकडच्या वाऱ्याचं नाव.
वर्षातून दोनदा केस गाळते
आणि उरलेले महिने त्याची तयारी करते.
मांजर पांढरं होतं,
असं मला आठवतं.

आधीचं मशीन अकरा महिने टिकलं, त्याआधीचं सात.
त्याही आधीच्याचा आवाज इतका मऊ
की चालू आहे की बंद, हे कोशावाला विचारावं लागे.
तिन्ही आता कोनाड्यात धूळ खात पडलीत,
जिवंतपणी खाल्ली त्याहून जास्त.

काल दुकानात गेलो.
टॅमसिन म्हणाली, हे बघा नवीन.
वायर नाही, पिशवी नाही, वजन तर नाहीच.
"मग आहे काय?" मिलोये म्हणाला.

एकतीस वर्षं त्यानं ब्लोअर चालवला.
ट्रकवर बसवलेला, ढोलाएवढी टाकी,
खाणीच्या तळातून माती ओढून
आभाळाखाली ढीग घालणारा.
ओढ म्हणजे काय, हे त्याला कुणी सांगू नये.
त्यानं नळीचं तोंड तळव्यावर धरलं, डोळे मिटले.
ग्रीक क्लबात पहिल्यांदा माझा हात धरून
असाच गप्प उभा होता;
नाच संपला तरी.

"ओढ आहे," म्हणाला. "छाती नाही."

मग उलटं केलं. स्क्रू शोधले.
एकही नाही, सगळ्या प्लास्टिकच्या खिट्ट्या.
"बिघडलं तर?"
"ॲडलेडला पाठवायचं."
साडेआठशे किलोमीटर.
"तिथं मी जातो," तो म्हणाला, "छातीचा फोटो काढायला.
एका घरातले दोघं नकोत."

कोपऱ्यात एक राखाडी पिंप होतं, चार चाकांवर.
मोटेलवाले वापरतात तसलं.
दिसायला दुधाची किटली, उचलायला बोकड,
आवाजही बोकडाचाच.
पण स्क्रू सात, मी मोजले.
वायर स्वयंपाकघरापासून पलंगाखालपर्यंत जाईल एवढी.
पिशव्या, पट्टा, ब्रश
तिथंच मागच्या फळीवर, दोऱ्यानं बांधलेले.
केस ब्रशला गुंडाळले तर नखानं निघतात.
महाग होतं. पहिल्या तिघांची बेरीज केली,
तर स्वस्त.

"दहा वर्षांची हमी," टॅमसिननं पेन उघडलं,
"कुणाच्या नावावर?"

तेव्हा आम्ही दोघं गणिताला लागलो.
तो अठ्ठ्याहत्तर, मी एकाहत्तर,
बाहेर गाडीत जीभ काढून बसलेली तेरा.
माझं उत्तर येईपर्यंत त्याचं झालेलं होतं.
माझ्याकडे न बघता म्हणाला,
"स्टाव्रुला लिही. नीट, पूर्ण.
ती आम्हा सगळ्यांना पुरून उरेल."

पुरलेलेच आहोत रे, मी म्हटलं, बावीस फूट.
टॅमसिनला हसावं की नाही ते कळेना.

रात्री मशीन लावलं. कोशावा भुंकून भुंकून
शेवटी त्याच्याच शेजारी झोपली.
गालिचाखालून निळा निघाला. मी तपकिरी समजत होते.
पिशवी भरली, टाकायला निघाले,
तर मिलोये दारात, हातात चाळणी.
इथले म्हातारे दुसऱ्यांचे ढीग चाळतात,
ओपलचा एखादा कण चुकला असेल म्हणून.
हा आपल्याच घराचा ढीग चाळायला बसला.

तोंडाला फडकं बांध, म्हटलं.
बांधलं.
एक बटण निघालं, मांजराचं नख, बदामाचं साल.
चमकणारं काही नाही.
तरी दिव्याखाली बसून राहिला,
केस एकीकडे, माती एकीकडे,
मध्येच खोकत.