तुडुम

आई धुऱ्यावरून घसरली तेव्हा पऱ्ह्याची पेंडी
तिनं सोडली नाही. मांडी सुटली.
मागच्या बाजूला, आत,
जुनं लुगडं टरकावं तसं काहीतरी.

आज सहावा दिवस. निळं होतं ते पिवळं झालंय.
मी टोळीचं तेल कोमट करून नुसतं वरवर लावते.
तेलानं आत काही शिवलं जात नाही, मला माहीत आहे,
नागपुरात दोन वर्षं मी उंदरांच्या पोटऱ्या कापल्यात.
आईलाही माहीत असावं, कारण ती विचारते,
"मंग आतमंदी कोन शिवून रायलं, सांग."

प्रत्येक धाग्याच्या कडेला, सालीखाली,
एक पेशी निजलेली असते. वर्षानुवर्षं.
शेजारीण तिच्या अंगावर हात ठेवून असते:
नीज, अजून वेळ आहे.
झोपवण्याचा निरोप वेगळा, उठवण्याचा वेगळा.
उठवण्याचा सालीतच अडकून पडलेला असतो, आधीपासून;
तो लिहायला कोणी बसत नाही,
फाटणं म्हणजेच पाकीट फुटणं.

"तलावाच्या तुडुमासारकं," आई म्हणते.
हो. तुडुम काढला की पाणी
बांधीला विचारत नाही, तू कोणाची.

पण आधी येतात ते शिवणारे नव्हेत.
खाणारे येतात. तुटलेलं, मेलेलं गिळतात,
आग करतात, सूज आणतात.
रात्री कण्हत होतीस ना, ते ते होते.
आणि तेच, बरं का, तिसऱ्या-चौथ्या दिवशी
सूर बदलतात: पुरे आता, बांधायला घ्या.
"बुधरामच्या बायकोवानी. पयले शिव्या, मंग चहा."

निजलेल्या जागतात. एकीच्या दोन, दोनाच्या चार,
रांगेला लागतात,
आणि मग जे भिंगाखाली बघताना
अजून माझा गळा धरतं:
आपापली भिंत सोडून देतात.
एकच लांब धागा, पोटात कितीतरी केंद्रं.
तुमची बारा जणींची रांग वाकलेली,
तलावाच्या पाळीवरून बघावी तशी.

सगळ्या नाहीत. काही परत फिरतात,
सालीखाली जाऊन निजतात पुढच्या फाटण्यासाठी.
"बीज ठेवाच लागते."
हे तिला मी शिकवावं असं नाही.

एक सांगत नाही.
अठ्ठावन्नाव्या वर्षी हाक उशिरा पोचते.
धाग्याच्या जागी चिवट पांढरं काही भरत जातं;
म्हाताऱ्या उंदरांत मी ते मोजलंय,
वहीत, तक्ता आखून.
मी तेल लावत राहते, तर तीच म्हणते,
"माया पाय पयल्यासारका होत नाही, मले मालूम आहे.
तू समोर सांग."

समोर एवढंच
की पाय नुसता ठेवूनही चालत नाही.
थोडी ओढ लागते. ओढ नसली की नवे धागे
कुठल्या दिशेनं लागायचं ते विसरतात.
"मंग उद्या जातो रोवण्यावर."
उद्या नाही.
"परवा."

मग मी तिला भलतंच सांगते.
मी चार आठवड्यांची होते, तांदळाच्या कणीएवढी,
तेव्हा पाठीच्या दोराजवळून निरोप निघाला होता:
तू स्नायू हो, तू हाड, तू कातडी.
त्या दिवशी तू कुठं होतीस?

ती बोटं मोजते. मागे जाते, पुन्हा मोजते.
"गोमाजीच्या खालच्या बांधीत. रोवना चालू होता.
मले त मालूमबी नोतं, तू आहेस म्हनून."

वाटीत तेल उरलं नाही.
मी मांडीवर तळवा ठेवून बघते. ऊन आहे.
बाकी काही कळत नाही.
तलावाकडून पाणकर ओरडतो,
कोणाच्या तरी बांधीला उद्देशून, की सगळ्यांच्याच:
पोचलं का वो?

आई पाय न हलवता, बाजेवरूनच,
"नाही आलं अजून!"