परमिट

फॉर्म आठ पानांचा. जिंतूर बसस्टँडच्या मागं
रसूलच्या झेरॉक्सवर प्रिंट काढली, चाळीस रुपये.
फोटो चार, आधारची प्रत, पोलीस ठाण्याचा दाखला,
डॉक्टरचा कागद.
डॉक्टरनं विचारलं, काका, कुठं निघालात?
म्हटलं, हिमालयात. पंधरा हजार फूट.
त्यांनी पट्टा सोडला होता,
तो पुन्हा दंडाला बांधला.

सोबतची पोरं परभणीची. फोनवर तापलेली:
परवानगी कशाला? डोंगर काय यांच्या बापाचा?
वर गाईड सक्तीचा म्हणे. रस्ता तर मोबाईलवर दिसतो,
फुकट पैसे खायचे धंदे.
मी नुसतं हूं म्हणत गेलो.

चौतीस वर्षं मी खांबावर चढलो.
आधी सबस्टेशनला फोन, तिकडून नंबर,
वहीत टाइम, खाली कार्बन.
मग अर्थिंगची साखळी टाकायची, मग पहिला पाय.
खाली सगळे उतरले, मोजले,
की परमिट परत. तवर तिकडचा ऑपरेटर
मुतायलासुद्धा उठत नाही.

विनापरमिट एकदाच.
लक्ष्मीपूजनाचा दिवस, चारठाण्याकडं अंधार,
लोक आईबहिणीवरून बोलत होते.
कोंडिबाला म्हटलं, चढ, लाइन बंदच आहे.
बंद होती.
गल्लीत कुणीतरी जनरेटर लावलेला,
तो उलटा आला.

त्यानंतर मी कुणाला चढ म्हणालो नाही.
स्वतःच चढायचो.

शेवटच्या पानावर एक ओळ आहे:
मी माझ्या जबाबदारीवर जात आहे.
तिथं दोन दिवस अडकलो.
असं कुणी जातं का?
डोंगराला तर सबस्टेशनही नाही,
कुणाला फोन करून म्हणायचं, दोन तास बंद ठेवा.
तो कायम चालूच.

गाईडचं नाव आलंय: नोरबू. वय सव्वीस.
म्हणजे कोंडिबाचं तेव्हाचं वय.
फोन लावला. खरखर, वारा, कुत्रं भुंकतंय.
माझं हिंदी औंढ्याच्या पुढं कधी गेलं नाही,
त्याचंही तसंच असावं.
म्हणाला, मी थांबेन तिथं थांबायचं.
परत फिर म्हटलं की का विचारायचं नाही.
पोरगं माझ्या लेकापेक्षा लहान.
म्हटलं, परमिट तुझ्याकडं.
त्याला वाटलं मी कागदाचं बोलतोय,
म्हणाला, हो, झेरॉक्स तीन आणा.

साक्षीदाराच्या सहीसाठी संध्याकाळी
कोंडिबाच्या टपरीवर गेलो.
त्यानं चुना पुसला, आठही पानं चाळली,
हसला. किती खांब आहेत रे तिकडं?
एकही नाही म्हटलं.
मग बरणीखाली कागद दाबून धरला,
उरलेल्या हातानं,
डाव्या,
सावकाश, शाळेतल्या पोरासारखी
सही केली.