लघुलेखन

फुकट आहे ना, असं मी तीनदा विचारलं.
जिथिन म्हणाला, आंटी, फुकट म्हणजे फुकट.
बाकीचे पंधरा दिवस गोड बोलतात
आणि सोळाव्या दिवशी डॉलर मागतात.
समोरच्या फ्लॅटमधला पोरगा, अकरावीतला.
जमिनीवर मांडी घालून त्याने माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर
भाषांची यादी उघडली, खाली खाली गेला.
मराठी सापडल्यावर माझ्याआधी तोच हसला.

उजव्या अंगठ्याची शीर कामातून गेली आहे माझी.
एके काळी मिनिटाला एकशेवीस शब्द,
रत्नागिरीच्या इन्स्टिट्यूटचं सर्टिफिकेट,
मग बावीस वर्षं मत्र्याच्या बंदराशेजारी
क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात.
साहेब खिडकीकडे तोंड करून बोलायचे.
घसा खाकरणं सोडून मी सगळं उतरवून घ्यायचे.

आता मी बोलायचं
आणि दुसऱ्याने लिहायचं.

पहिल्या दुपारी मी गप्पच बसले
तरी पडद्यावर शब्द उमटत गेले:
घर घर घर घर
एसीची घरघर लिहून घेत होता बिचारा.
म्हणून एसी बंद.
जून महिन्यात, रुवीत, दुपारी अडीचला.
सात मिनिटं खोली सोसवते,
मग भिंती आतून तापायला लागतात.
फुकटाची किंमत ती एवढीच.

ळ त्याला ऐकू येत नाही.
काळजीची कालजी, पोळीची पोली,
आणि मी, सुहासिनी पिंगळे, झाले पिंगले.
रागावणार होते. मग लेबर कार्ड आठवलं.
तिथे, बँकेत, साहेबांच्या तोंडी,
बावीस वर्षं माझ्या नावात ळ नव्हताच.
हा निदान पगार कापत नाही.

पण सांगायचं काय?
'आपल्या पत्राच्या संदर्भात' एवढं तोंडात आलं
आणि पुढे काही येईना.
कर्सर लुकलुकत राहिला
वहीवर टेकवून धरलेल्या पेन्सिलीसारखा.
ही पेन्सिल मी ओळखते.
ती घाई करत नाही, वरही बघत नाही.

चौथ्या मिनिटाला मी बोलले.
क्रेनवर एक हेल्पर होता, मोतालेब.
साहेबांनी सांगितलं, लिहा,
गैरवर्तनामुळे कामावरून काढण्यात येत आहे.
मी टाइप केलं,
प्रकृतीच्या कारणास्तव.
साहेबांनी न वाचता सही केली.
त्या एका शब्दावर त्याचा सगळा हिशेब अडकला होता.
तो पैसे घेऊन गेला. जाताना
चहावाल्या पोऱ्याशी हात मिळवला, माझ्याशी नाही.
त्याला कसं कळणार.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही.
आमचे हे सोहारला असतात, गुरुवारी येतात,
त्यांनाही नाही.

पडद्यावर पाहिलं. सगळं उतरलं होतं,
फक्त मोतालेबच्या जागी होतं: मोठा लेप.
एकटीच हसत सुटले,
घाम डोळ्यांत गेला, चष्मा पुसायला पदर सापडेना.
गाऊनवर होते.

साहेब असते तर म्हणाले असते,
वाचून दाखवा, मिस पिंगल.
मी वाचून दाखवलं, मोठ्याने,
पहिल्यापासून, मोठ्या लेपासकट.
तो ऐकतच होता. खाली त्याने
सगळं पुन्हा लिहून काढलं,
आणि या वेळी एक शब्द
आपल्या मनाने बदलला.

मी तो दुरुस्त केला नाही.
उठून एसी लावला.
माईक बंद करायचा राहूनच गेला.