काहीच निघालं नाही

शेवंती भाटकर, वय चोपन्न, राहणार भाट्ये.
चिठ्ठीवर एकच ओळ : एमआरआय, मेंदू आणि मान.
काचेच्या बांगड्या राहू देत, म्हटलं,
जोडवी मात्र काढायला हवीत.
बाकीच्यांची साबण लावून निघतात.
हिची बोट लावताच ट्रेमध्ये पडली.

उजवा हात तिनेच पुढे केला.
अंगठ्याच्या नि पहिल्या बोटाच्या मधलं मांस
गेलेलं, कालव काढून घेतलेल्या शिंपीसारखं.
"चाळीस वर्षं खडकावर कालवं फोडली.
आता कोयता आपला आपण सुटतो.
दुखत नाय गो. दुखलं असतं
तर कोणी ऐकलं तरी असतं."

हलू नका, मी काचेपलीकडून सांगितलं.
यंत्र ठोकू लागलं,
धक्क्याला बांधलेल्या लाँचसारखं, जागच्या जागी.
"मी नाय हलत बाय,
आतलं आपलं आपण हलतंय."
आत जाऊन पाहिलं :
दंडाच्या कातडीखाली
डबक्यात अडकलेल्या कोळंबीगत
काहीतरी उडत होतं.

मग पडद्यावर मणके उतरू लागले, एकाखाली एक.
अकरा वर्षं इथे बसून
लोकांसाठी मी स्वच्छ फिल्मच मागत आले.
आज मनात म्हटलं, असू दे,
पाचव्या-सहाव्यात एखादी गादी सरकलेली असू दे,
मज्जारज्जूवर चांगली रेललेली,
कोल्हापूरला नेऊन कापता येईल अशी.
नाहीतर गाठ.
काहीही, ज्याला कडा आहे.

मज्जारज्जू सरळ खाली गेला.
दोन्ही अंगांनी पाणी पांढरं, मोकळं,
कुठेच अडलेलं नाही.
वयाप्रमाणे थोडी झीज.

या खोलीत तो आजार सापडत नाही.
इथे बाकीचे आजार एकेक करून
दारातून परत पाठवतात.
शेवटी बाकावर जो न बोलावता बसून राहतो
त्याचं नाव मोठे डॉक्टर घेतात,
स्नायूंत सुया घालून, हातोडीने गुडघे तपासून,
पुष्कळ वेळ घेऊन.
मला ते घ्यायचा अधिकार नाही.

मुलगा बाहेर फोनवर, राजिवड्याच्या मावशीला :
"कायच नाय निघालं! देवाला नारळ सांग."
मी म्हटलं, शनिवारी रिपोर्ट घेऊन डॉक्टरांना भेटा.
"पण नॉर्मल ना, मॅडम?"
शनिवारी भेटा. नक्की भेटा.
त्याने ते एकदाच ऐकलं.
तिने दोन्ही वेळा.

जोडवी तिच्या चिमटीत राहीनात.
मी खाली बसून घातली.
"सैल झालीत," ती म्हणाली, "दोरा गुंडाळीन."
आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत,
मुलाला :
"चल रे, साडेचारला सुकती.
रिक्षा गावली तर पोचू."